बाटलेले पाणी, दूषित पाणी

'बाटणे' आणि 'दूषित होणे' हे शब्द आपल्या समाजात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतला फरक ओळखल्याशिवाय विषारी अन्नपाण्याने आजारी पडलेल्या गावात कार्यकर्त्याला काम करता येणार नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सवर्णांनी तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राने त्याची 'शुद्धी' केली. पाण्यात काय आहे, हे कोणी पाहिले नाही. पाण्याला कोण शिवले, एवढेच पाहिले.

मी लोणार तालुक्यातील बीबीचा. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. आमचे गाव घाटावर, तर शेगाव घाटाखाली. पण जिल्हा एकच, बुलडाणा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीने गळू लागले. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट जास्त निघाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. पण कारणाचा शोध चालू असतानाच बहिष्कार येऊन ठेपला होता. या गावच्या लोकांचे केस कापायला नकार मिळतो, सोयरिकी मोडतात, अशा बातम्या छापून आल्या. दोष अन्नपाण्यात आणि विटाळ माणसाला! ही अस्पृश्यता नवी दिसली, तरी तिचे मूळ जुनेच आहे.

म्हणून अशा कामाला निघणाऱ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, आजारी माणसाच्या घरी बसा, त्याच्या घरचा चहा घ्या. भाषणापेक्षा त्याने विटाळ लवकर मोडतो.

दुसरी, डोळ्यांवर विसंबू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून ते झिरपत विहिरीत उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. गावाच्या टाकीचा नमुना घ्याल, तर वस्तीच्या हापशाचाही वेगळा घ्या. बाटलीवर जागा आणि तारीख लिहा. टाकीचे पाणी चांगले निघाले म्हणून हापशाचे चांगले, असे होत नाही.

तिसरी, अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतली बाई आहे का, हे विचारा.

तपासणीसाठी रक्त दिले लोकांनी, केस दिले लोकांनी. निष्कर्ष मात्र कचेरीतल्या कपाटात राहिला, तर त्या लोकांना आपण पुन्हा तळ्याच्या काठावरच उभे केले, असे मी मानतो. महाडला झगडा पाणी पिण्याच्या हक्काचा होता. आपण पितो त्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्क त्याच झगड्याचा पुढचा भाग आहे.