दारातील वाहन आणि मनातील परिमाण

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेतील, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक, व्यापारी, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची वार्ता देशभर पोहोचली. मराठवाड्याच्या उद्यमशीलतेचे कौतुक झाले. त्याचबरोबर आलिशान मोटारीसाठी सात टक्के दराने कर्ज मिळत असताना शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच चढा दर मोजावा लागतो, ही विसंगती ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी परखडपणे मांडली. पंधरा वर्षांनी, २०२५ मध्ये, जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन अर्थात ‘जितो’ या संस्थेने आपल्या सदस्यांसाठी सामूहिक खरेदीची योजना राबविली. तिच्याद्वारे देशभरातील सदस्यांनी १८६ आलिशान गाड्या घेतल्या. सुमारे १४९ कोटींच्या या खरेदीत सदस्यांची २१ कोटींहून अधिक बचत झाली. एकत्र येऊन भाव ठरविण्याची व्यापारी समाजाची परंपरागत हुशारी त्यात दिसून आली.

या दोन्ही वार्ता खरेदीच्या दिवशीच संपतात. बॉनेटवरचा हार सुकल्यावर आणि पेढे वाटून झाल्यावर गाडीचा खरा संसार सुरू होतो, आणि तो वृत्तपत्रांत येत नाही. महानगरात तो एका प्रकारचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वसलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी अगदी वेगळा. दारात आलेले वाहन श्रावकाच्या घराला काय देते आणि त्याच्याकडून काय मागते, हे तेथे अधिक स्पष्ट दिसते.

काळी माती आणि बुटकी गाडी

बीएमडब्ल्यू ३ सिरीज, ऑडी ए४, मर्सिडीज-बेंझ सी-क्लास या वर्गातील सेडान म्हणजे आराम आणि चपळता यांचा मेळ. यांपैकी काहींची जुळणी महाराष्ट्रातच होते. मर्सिडीजची चाकणला, तर ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. परंतु त्यांची मूळ घडण युरोपातील गुळगुळीत रस्त्यांसाठी झालेली. वळणावर गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून ती बुटकी ठेवतात. तळ आणि रस्ता यांतील अंतर साधारण दीडशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पाच माणसे व सामान भरल्यावर त्याहूनही कमी.

पूर्णेच्या खोऱ्यातील जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा उचलतो, थोडा खचतो. गतिरोधकाची गोष्ट आणखी निराळी. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे चाके त्यावरून हळुवार चढून उतरतात. गावोगावी प्रत्यक्षात आढळतो तो अरुंद, उभा उंचवटा. साधी गाडी त्यावरून एक धक्का खाऊन पुढे जाते. बुटक्या सेडानला मात्र तिरपे होऊन, एकेक चाक चढवीत जावे लागते. मागून येणारा कापसाचा ट्रॅक्टर तेवढा वेळ थांबतो. नवा मालक काही आठवड्यांतच नांदुऱ्यापर्यंतच्या रस्त्यावरील प्रत्येक उंचवटा तोंडपाठ करतो.

टायरचेही तसेच. ‘२२५/४५’ असे ज्यावर लिहिलेले असते, त्या टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे जेमतेम १०१ मिलिमीटर. साध्या गाडीच्या ‘१६५/८०’ टायरची तीच उंची १३२ मिलिमीटर भरते. पातळ बाजूचा टायर वळणावर नेमका वागतो, पण खड्ड्याचा आघात झेलायला त्याच्यापाशी रबर कमी. मग तो आघात थेट चाकाच्या कड्यावर जातो. या वर्गातील अनेक गाड्यांना जादा चाक नसते. त्याऐवजी हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, तेही तेवढ्याच वेगमर्यादेत, चालू शकणारे टायर असतात. महानगरात ही सोय मोठी. जळगाव जामोदहून ८० किलोमीटरांत नांदुरा, शेगाव, खामगाव येतात. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येत नाही, आणि अशा गाडीचा टायर व तिला ओळखणारा कारागीर बहुधा तशाच मोठ्या शहरांत भेटतो. मदतीसाठी दूरध्वनी केला, तर गाव ‘जळगाव’ म्हणून चालत नाही. खानदेशातील जळगाव वेगळे, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद वेगळे, हे आधी समजावून सांगावे लागते.

पावसाळ्यात सावधगिरी अधिकच हवी. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांनी अतिवृष्टीचा भीषण पूर पाहिला. बुटक्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरल्यावर ती पुन्हा चालू करण्याचा मोह घातक ठरतो. पाणी दाबले जात नाही, आतील दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. नेहमीच्या विम्यात ही हानी बहुधा धरली जात नाही, इंजिनासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पाण्यातून न जाणे हाच यातला स्वस्त उपाय.

घरातील माणसे काय म्हणतात

चालविणाऱ्याला जी खोलगट, अंगाला धरून ठेवणारी बैठक सुखद वाटते, तीच गुडघे दुखणाऱ्या आजीला अवघड जाते. उतरताना तिला दोन हातांचा आधार लागतो. त्यामुळे मंदिरात किंवा स्थानकात जाताना आजी जुन्या, उंच गाडीचाच आग्रह धरते. दुकान तर अर्ध्या किलोमीटरवर. बाजारपेठेची गल्ली अरुंद, बैलगाड्या आणि हातगाड्यांची वर्दळ. ओरखड्याच्या भीतीने सेडान घरीच राहते, तिच्यावर आच्छादन चढते. फार दिवस उभी राहिल्याने तिची बॅटरी उतरते, म्हणून ती चार्ज करण्यासाठी आणखी एक उपकरण येते.

उभ्या गाडीला उंदीर लागतात. धान्याचे पोते, सरकीची गोणी जवळ असेल तर हमखास. इंजिनाच्या उबेत ते वसतात आणि वायरी कुरतडतात. येथे श्रावकाची कसोटी लागते. विष किंवा चिकट फळी हा बाजारातील सोपा उपाय त्याच्यासाठी वर्ज्य. मग गाडीची जागा स्वच्छ ठेवणे, धान्य दूर हलविणे, बॉनेट उघडून रोज एकदा पाहणे, डांबराच्या गोळ्या ठेवणे, आणि तरीही आलाच तर पिंजऱ्यात धरून दूर शिवारात सोडणे. हे कष्टाचे आहे खरे, पण अहिंसा येथे व्याख्यानातून उतरून घराच्या ओसरीवर येते.

लग्नसराईत शेजारचे काका येऊन विचारतात, “नवरदेवासाठी एक दिवस गाडी द्याल का?” जुनी गाडी मागितली असती तर चावी लगेच पुढे झाली असती. आता मात्र क्षणभर थांबायला होते. मनात रंगाचा, खड्ड्याचा, अनोळखी चालकाचा विचार येतो. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून न देता मूर्च्छेवरून, म्हणजे त्या वस्तूत गुंतलेल्या ममत्वावरून दिली. त्या क्षणभराच्या थांबण्यात ते ममत्व मालकाला स्वतःच दिसते.

आसनाखालचा प्रश्न

आलिशान गाडीच्या वर्णनात चामड्याच्या आसनांचा उल्लेख गौरवाने येतो. पादत्राणे आणि कमरपट्टा घेताना चामडे टाळणाऱ्या कुटुंबाने लाखो रुपयांच्या गाडीत त्याच चामड्यावर बसावे, ही विसंगती बऱ्याचदा खरेदीनंतर लक्षात येते. सुदैवाने आता पर्याय आहेत. मर्सिडीजचे ‘आर्टिको’ आणि बीएमडब्ल्यूचे ‘सेन्साटेक’ ही आवरणे मानवनिर्मित आहेत. व्हॉल्वो कंपनीने तर २०२१ मध्ये आपल्या सर्व पूर्णतः विद्युत गाड्या चामड्याविना ठेवण्याचे जाहीर केले. मात्र आसन मानवनिर्मित असूनही सुकाणूचे चाक किंवा गिअरची मूठ चामड्याने मढविलेली असू शकते. म्हणून नोंदणीपूर्वीच आसन, सुकाणू, मूठ आणि दारांची अस्तरे या प्रत्येकाविषयी लेखी विचारणा करावी. ग्राहक विचारतो तेव्हाच विक्रेता शोध घेतो. जेथे शेकडो गाड्या एकत्र घेतल्या जातात, तेथे सवलतीबरोबर ही अटही सामूहिकपणे घालता येईल, आणि तिचे वजन एकट्या ग्राहकाच्या शब्दाहून कितीतरी अधिक असेल.

वेग आणि विहार

बुलढाणा जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजा या भागातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. स्पोर्टी सेडानला तो वेग किरकोळ वाटतो. आत आवाज नाही, हादरा नाही, त्यामुळे चालकाला वेगाची जाणीवच उरत नाही. पदार्थविज्ञान मात्र बदलत नाही. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १८ मीटरांत थांबते. १२० च्या वेगात तिला ७० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी ३३ मीटर जातात, ते वेगळेच.

हाच चालक समृद्धीवरून उतरून मलकापूर–नांदुरा–खामगाव महामार्गावर किंवा पूर्णेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर येतो, तेव्हा पायातला तो वेग सहज उतरत नाही. पहाटेच्या धूसर प्रकाशात रस्त्याच्या कडेने साधू-साध्वी विहार करीत असतात. आजन्म वाहनाचा त्याग केलेले, अनवाणी, पुढची भूमी पाहून पाऊल टाकणारे ते जीव. अशा विहारात वाहनांच्या धडकेने झालेल्या दुर्घटनांचे दुःख समाजाने वारंवार सोसले आहे. चातुर्मासात ज्यांच्या दर्शनाला कुटुंब आलिशान गाडीने जाते, तेच महाराज उरलेले आठ महिने रस्त्याच्या कडेला त्याच गाडीच्या चालकाच्या भरवशावर असतात. म्हणून पहाटे प्रखर दिवा खाली करणे, विहाराचा समूह दिसताच वेग उतरवणे, मोठे अंतर राखून जाणे, आणि कर्णा न वाजविणे ही देखील वंदनाच होय. पावसाळी रात्री दिव्याकडे झेपावणाऱ्या असंख्य जीवांचा विचार केला, तर रात्रीचा अनावश्यक प्रवास टाळण्याची जुनी शिकवणही नव्याने पटते.

हिशेब आणि मर्यादा

व्यापारी कुटुंब हिशेबाला चुकत नाही. मोटार विम्याच्या रूढ कोष्टकानुसार गाडीची घोषित किंमत पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेरीस ५० टक्क्यांनी घटते. साठ लाखांची गाडी पाच वर्षांत विम्यापुरती तीस लाखांची उरते. विमा, टायर, दूरच्या शहरातील देखभाल आणि तेथवरची ये-जा हे वेगळे. पेढीतील माल एवढा झपाट्याने उतरला असता, तर कोणत्याही व्यापाऱ्याची झोप उडाली असती.

तरीही जमेची बाजू कोरी नाही. गाडीची सुरक्षा-व्यवस्था उत्तम, दूरच्या प्रवासात थकवा कमी. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे किंवा मुक्तागिरीचे दर्शन घेऊन कुटुंब त्याच दिवशी घरी परतू शकते. मध्यरात्री गल्लीत कुणाच्या छातीत कळ आली, तर अकोल्याच्या रुग्णालयापर्यंत नेणारे वेगवान, भरवशाचे वाहन दारात असते. ते त्या वेळी सर्वांसाठी बाहेर पडते की आच्छादनाखालीच राहते, हे मात्र मालकावर अवलंबून.

भगवान महावीरांचा श्रावक आनंद दरिद्री नव्हता. ‘उपासकदशांग’ सांगते की, व्रत घेताना त्याने वाहनांचीही मर्यादा केली: देशांतराच्या प्रवासासाठी पाचशे गाडे आणि मालवाहतुकीसाठी पाचशे. आजच्या कानाला हा आकडा प्रचंड वाटतो. परंतु त्याने तो स्वतः ठरविला, बोलून दाखविला आणि त्यापुढे जायचे नाही असे व्रत घेतले. अमुक गाडी घ्यावी वा घेऊ नये, याचा निवाडा बाहेरून कुणी द्यावयाचा नाही. घरात वाहने किती, कोणत्या किमतीपर्यंत, आणि त्यांपैकी किती इतरांच्या उपयोगी पडतील, ही रेषा नवीन गाडीच्या नोंदणीआधी कुटुंबाने एकत्र बसून आखावी, एवढेच आनंद श्रावकाच्या उदाहरणातून घेण्यासारखे आहे. देखभालीवर वर्षाला जेवढा खर्च होतो, तेवढीच रक्कम जीवदयेसाठी वा रुग्णसेवेसाठी बाजूला काढण्याचा नियम केला, तर त्या रेषेला आणखी बळ येईल.

श्रावकाच्या रोजच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहेच. आज किती वाहनांचा उपयोग करीन, हे सकाळी मनाशी ठरवायचे. जळगाव जामोदसारख्या गावात हा नियम पाळणे मुळीच अवघड नाही; दुकान अर्ध्या किलोमीटरवर आणि मंदिर त्याहून जवळ. महिन्यातील काही दिवस तरी चावी खुंटीला राहू द्यावी आणि पायी जावे. वाटेत शेजारचे काका भेटतील. लग्नासाठी गाडी हवी असल्याचे त्यांनी पुन्हा सांगितले, तर या वेळी उत्तर न थांबता देता येईल.