घटस्फोटित पालक, अज्ञान मूल आणि मद्य

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी ही वस्ती तेथील मराठी कुटुंबांना चांगली परिचित आहे. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच भागात आहे. नागपूर आणि रायपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. नातीगोती मात्र सीमा पाहून जुळत नाहीत. त्यामुळे एखादा विवाह मोडला म्हणजे एक पालक रायपुरात आणि दुसरा नागपुरात अशी स्थिती सहज निर्माण होते.

असे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. सोळा वर्षांचा मुलगा आईजवळ चौबे कॉलोनीत राहतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याप्रमाणे महिन्यातील दोन शनिवार-रविवार आणि दिवाळीची अर्धी सुटी तो वडिलांकडे नागपूरला घालवतो. एका शनिवारी रात्री वडिलांच्या घरी मित्रमंडळी जमतात आणि मुलाच्या हाती बिअरचा पेला दिला जातो. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्या नजरेखाली घेतलेली बरी, असे वडिलांचे म्हणणे असते. सोमवारी ही गोष्ट आईच्या कानी येते. भूमिका उलट असत्या, म्हणजे पेला आईने दिला असता, तरी पुढील विवेचनात काही फरक पडला नसता; या बाबतीत कायदा माता आणि पिता असा भेद करीत नाही.

वडिलांच्या या युक्तिवादाला एके काळी कायद्यात थोडीफार जागा होती. बाल न्याय अधिनियम, २००० याच्या कलम २५ प्रमाणे अज्ञान मुलास मद्य देणे हा गुन्हा होता खरा, परंतु त्याला ‘सार्वजनिक ठिकाणी’ या शब्दांची मर्यादा होती. शिवाय आजारपणात दिलेले मद्य या कलमातून वगळलेले होते. सर्दीपडशाला चमचाभर ब्रँडी देणाऱ्या घरांना या अपवादाचा आधार होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याने हे चित्र पालटले. त्याच्या कलम ७७ मध्ये सार्वजनिक ठिकाणाचा उल्लेख उरला नाही आणि आजारपणाचा स्वतंत्र अपवादही गेला. पात्र वैद्यकीय व्यावसायिकाच्या आदेशाखेरीज जो कोणी अठरा वर्षांखालील मुलास मादक पेय, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देईल अथवा देववील, तो सात वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासास आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. चार शब्द वगळले गेले, आणि तेवढ्याने कायदा रस्त्यावरून दिवाणखान्यात आला. ‘माझ्या घरात, माझ्या मुलाला’ हा बचाव आता या कलमापुढे टिकत नाही. ही गोष्ट बहुसंख्य पालकांना अद्याप ठाऊक नसावी.

तथापि कलमातील क्रियापदाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मराठीत ‘पाजणे’ आणि ‘पिऊ देणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्यातही त्या वेगळ्याच आहेत. पेला भरून मुलाच्या हाती देणारा किंवा दुसऱ्यास तो द्यावयास सांगणारा पालक कलम ७७ च्या कक्षेत उघडपणे येतो. कपाटाला कुलूप न लावणारा, मुलगा मित्रांबरोबर पितो हे जाणूनही गप्प राहणारा पालक त्या कक्षेत येतोच असे म्हणता येणार नाही. अशा वेळी कलम ७५ चा विचार करावा लागतो. मुलावर प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीने त्याची जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यामुळे त्याला शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याचा संभव असला, तर ते कलम लागू होते. त्याची शिक्षा सामान्यतः तीन वर्षांपर्यंत आहे. येथे ‘प्रत्यक्ष ताबा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हुकूमनाम्याने ताबा आईला दिलेला असला तरी त्या शनिवारी रात्री मुलगा वडिलांच्याच देखरेखीखाली होता. ‘ताबा माझ्याकडे नाही, म्हणून जबाबदारीही नाही’ असे भेटीचा हक्क असलेल्या पालकास म्हणता यावयाचे नाही.

ही दोन्ही कलमे पालकाविरुद्ध वापरली गेल्याचे सर्वपरिचित उदाहरण पुण्याचे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मुलाकडे वाहन चालविण्याचा परवाना नसताना त्याच्या हाती मोटार दिली आणि तो मद्य घेतो हे ठाऊक असताना त्याला मेजवानीस जाऊ दिले, असा आरोप ठेवून पोलिसांनी वडिलांवर कलम ७५ व ७७ खाली गुन्हा नोंदविला. मद्य पुरविणाऱ्या ठिकाणांच्या चालकांवरही कारवाई झाली. तेथे विभक्त पालकांचा प्रश्न नव्हता. परंतु ‘जाऊ दिले’ ही गोष्टही फौजदारी आरोपाचा भाग होऊ शकते, हे त्या प्रकरणाने सर्वांच्या लक्षात आणून दिले. मुलाच्या हाती वाहन गेले की मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९९ अ पुढे येते. २०१९ मध्ये घातलेल्या या कलमाप्रमाणे अज्ञान मुलाने वाहन चालवून केलेल्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्याला त्याची माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो.

सात वर्षांची शिक्षा ऐकून संतप्त आईला पोलीस ठाण्याचा मार्ग सर्वांत जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. पण तो वाटतो तितका सरळ नाही. बाल न्याय अधिनियमात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे अदखलपात्र, परंतु अजामीनपात्र ठरविले. केवळ कलम ७७ ची तक्रार असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. त्यातच घटना नागपूरची असल्यामुळे फौजदारी प्रकरण सामान्यतः नागपूरच्या बाल न्यायालयापुढे चालावयाचे. आणि साक्षीदार कोण, तर तो सोळा वर्षांचा मुलगा. आपल्याच वडिलांविरुद्ध त्याने उभे राहावयाचे आहे, हे विसरून चालणार नाही.

यामुळेच अशा घटनेचा खरा परिणाम बहुधा कौटुंबिक न्यायालयात दिसून येतो. मुलाचा ताबा ठरविणारा आदेश कधीही अंतिम नसतो, हे येथील मूलतत्त्व होय. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २६ नुसार न्यायालयाला असा आदेश वेळोवेळी बदलता, स्थगित करता किंवा रद्द करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात हेच सांगितले. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत किंवा खेळणीही नव्हेत, आणि परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलू शकतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अन्य धर्मीयांच्या बाबतीत पालक व पाल्य अधिनियम, १८९० याचा आधार घेतला जातो. कायदा कोणताही असो, मुलाचे हित ही कसोटी मात्र एकच आहे.

ही कसोटी फौजदारी न्यायालयाच्या कसोटीहून फार निराळी आहे. ‘पाजले’ की ‘पिऊ दिले’ यावर येथे सारे अवलंबून नसते. गुन्हा निःसंशय सिद्ध झाला का, असा प्रश्नही विचारला जात नाही. या पालकाकडे मुलगा दोन दिवस सुरक्षित राहील का, एवढेच न्यायाधीश पाहतात. त्यासाठी कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ याने त्यांना बरेच स्वातंत्र्य दिले आहे. पुराव्याच्या सामान्य कायद्यात न बसणारे कागदपत्र व निवेदने ते विचारात घेऊ शकतात, समुपदेशकाचा किंवा बालकल्याणातील जाणकाराचा साहाय्यक म्हणून उपयोग करून घेऊ शकतात आणि सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतात. मुलगा विचारपूर्वक मत बनविण्याइतका मोठा असेल तर त्याची इच्छा जाणून घेण्याची तरतूद १८९० च्या अधिनियमातच आहे. अशी भेट पुष्कळदा न्यायाधीशांच्या दालनात होते. सोळा वर्षांच्या मुलाच्या म्हणण्याला साहजिकच वजन असते, पण तेच निर्णायक ठरते असे नाही. ज्या घरी बिअर मिळते ते घर त्याला अधिक आवडावे यात नवल ते काय!

अशा अर्जावर न्यायालय सहसा टोकाचा निर्णय घेत नाही. एकदा दिलेला पेला आणि दर शनिवारी भरणारी बैठक यांत फरक केला जातो. वडिलांनी चूक मान्य केली, मुलगा असताना घरात मद्य ठेवणार नाही अशी लेखी हमी दिली, तर भेटी पूर्ववत चालू राहू शकतात. प्रकार वारंवार घडत असेल किंवा वडील स्वतः व्यसनाधीन असतील, तर रात्रीचा मुक्काम बंद करून केवळ दिवसाची भेट, किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालील भेट असा आदेश होऊ शकतो. भेट पूर्णपणे तोडणे हा शेवटचा उपाय समजला जातो. मुलाचा दोन्ही पालकांशी संबंध टिकावा, या विचारावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालच्या यशिता साहू प्रकरणात भर दिला आहे.

आईकडून होण्याजोगी सर्वांत मोठी चूक म्हणजे हुकूमनामा कायम असताना मुलाला पाठविणे परस्पर बंद करणे. तिचा राग न्याय्य असला तरी त्यामुळे आदेशभंगाचा ठपका तिच्यावरच येतो आणि वडिलांना प्रतिअर्ज करावयास आयते कारण मिळते. एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणे हा प्रकार न्यायालये गंभीरपणे घेतात. २०१७ च्या विवेक सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची सविस्तर चर्चा केली आहे. मद्याचा आरोप हे वैवाहिक कलहातील जुने शस्त्र आहे आणि न्यायाधीशांना ते परिचित आहे. म्हणून तारखा, संदेश, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा कागद, असा साधा आणि तपासता येण्याजोगा पुरावा घेऊन अंतरिम आदेशाची मागणी करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. मुलाचे पेला हाती घेतलेले छायाचित्र नातेवाइकांत फिरविणे सर्वस्वी अनुचित होय. चौकशी वा खटला सुरू झाल्यावर मुलाची ओळख उघड करणे हा तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

अर्ज कोठे करावयाचा? घटना नागपूरची असली तरी १८९० च्या अधिनियमानुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. चौबे कॉलोनीत राहणाऱ्या मुलासाठी ते रायपूरचे कौटुंबिक न्यायालय होय. दोन्ही पालक काळजी घेण्यास अपात्र दिसले तर बालकल्याण समिती मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानून हस्तक्षेप करू शकते. १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर मुलालाही स्वतः मदत मागता येते. या सर्व व्यवस्थेत मद्य घेतलेल्या मुलाकडे अपराधी म्हणून पाहिले जात नाही.

राज्यांचे अबकारी कायदे मात्र निराळे आहेत. रायपुरात लागू असलेल्या कायद्याचे मूळ १९१५ सालच्या मध्य प्रांत अबकारी अधिनियमात आहे, तर विदर्भात पुढे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला. छत्तीसगडमध्ये मद्यखरेदीसाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी एकवीस आणि इतर मद्यासाठी पंचवीस. छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरती थोडी मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे. पण कलम ७७ मध्ये रूढीचा असा कोणताही अपवाद लिहिलेला नाही.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना हा कायदा कठोर वाटेल. इंग्लंडमध्ये १९३३ च्या अधिनियमाप्रमाणे पाच वर्षांखालील मुलास मद्य देणे हा गुन्हा आहे. त्यापुढील वयाच्या मुलास घरी पालकांनी थोडे मद्य दिले तर त्याला सामान्यतः मनाई नाही. अमेरिकेत खरेदीचे वय एकवीस असले तरी अनेक राज्यांनी पालकांना आपल्या मुलांपुरती सूट ठेवली आहे. तेथे वाढलेला पिता सुटीत भारतात आला आणि त्याच समजुतीने वागला, तर येथील कायद्याचे अज्ञान हा त्याचा बचाव होत नाही.

या सर्व उपायांना एक कालमर्यादा आहे. मुलगा सतरा वर्षांचा असताना केलेला अर्ज तारखांवर रेंगाळला तर निकालापूर्वीच तो सज्ञान होतो. अंतरिम आदेशाचे महत्त्व यासाठीच आहे. अठराव्या वाढदिवशी ताब्याचा आणि भेटीचा आदेश आपोआप निरर्थक होतो आणि त्या दिवसानंतर दिलेल्या पेल्याला कलम ७७ लागू होत नाही. २०१७ पासून छत्तीसगडमधील मद्याची किरकोळ विक्री शासकीय महामंडळाकडे आली. त्या दुकानातून मद्य विकत घेण्यासाठी मात्र त्या मुलाला आणखी तीन वर्षे थांबावे लागते.