पदवी हाती आल्यानंतर

व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीला वह्या बदलतात. मागील वर्षाचे येणे-देणे तपासले जाते, पडून राहिलेल्या मालाची मोजदाद होते, बुडीत येण्यावर नाइलाजाने रेघ ओढली जाते, आणि मगच नव्या वहीचे पूजन होते. परंतु त्याच घरात पदवी घेऊन बसलेल्या मुलाची किंवा मुलीची जी वर्षे खर्ची पडत असतात, त्यांचे खाते कोणत्याच वहीत सापडत नाही. त्या खात्याचा विचार सभासद बंधु-भगिनींपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

इंदूर नगरीस विद्येचे वावडे कधीच नव्हते. येथे ख्रिश्चन कॉलेज 1887 साली व होळकर कॉलेज 1891 साली निघाले. त्या काळी पदवीधर थोडे असत; दरबारचे दफ्तर, शाळा किंवा वकिली यांत त्यांची सोय लागे. पुढे 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ स्थापन झाले, तेच आजचे देवी अहिल्या विश्वविद्यालय. 1996 मध्ये आयआयएम आणि 2009 मध्ये आयआयटी याच शहरी आली. पदवीधर वाढले, हे उत्तमच झाले. मात्र पदवीमागून नोकरी आपोआप चालत येण्याचे दिवस सरले.

आज भंवरकुआ चौकात सकाळी उभे राहावे, म्हणजे या बदलाचे स्वरूप डोळ्यांपुढे येते. शिकवणी वर्गांच्या पाट्या, वाचनालये, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या यांनी तो सारा भाग गजबजलेला आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्य कार्यालय इंदुरातच असल्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून तरुण येथे येतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतही हेच दृश्य दिसते. ही मुले आळशी नव्हेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती पुस्तकात डोके घालून बसलेली असतात. प्रश्न त्यांच्या कष्टांचा नसून त्या कष्टांना लागणाऱ्या मुदतीचा आहे.

याचा हिशेब एका उदाहरणाने करू. समजा, एक मुलगा वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे 2019 मध्ये, बी. कॉम. झाला आणि त्याने त्याच वर्षीच्या राज्यसेवा परीक्षेचा अर्ज भरला. तिची पूर्वपरीक्षा जानेवारी 2020 मध्ये झाली. पुढे महामारी आली, परीक्षेच्या नियमांचे वाद न्यायालयात गेले, आरक्षणाचा प्रश्न अडला. आणि अंतिम निकाल लागला तो डिसेंबर 2023 अखेर. तोही 87 टक्के पदांचाच. उरलेल्या 13 टक्क्यांचा निकाल न्यायालयीन निर्णयाची वाट पाहत राखून ठेवण्यात आला. तोपर्यंत आपला हा उमेदवार पंचवीस वर्षांचा झाला. डिसेंबर 2024 मध्ये अशाच उमेदवारांनी कडाक्याच्या थंडीत आयोगाच्या कार्यालयासमोर धरणे धरले होते, हे सभासदांस स्मरत असेलच.

राज्यसेवेच्या अनेक पदांसाठी वयोमर्यादा चाळीस वर्षांपर्यंत आहे. ही सवलत गरजूंना उपयोगाची, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे आणखी एकदा बसून पाहू, असे म्हणण्यास अंतच राहत नाही. ज्या मालाचा भाव उतरत चालला आहे तो केव्हा विकावा, हे आपणांस उत्तम कळते. वयाच्या बाबतीत मात्र आपण मुलांना तो विवेक शिकविलेला नाही.

येथे दोष केवळ परीक्षेस देऊन चालणार नाही. आपल्या पेढीकडेही पाहिले पाहिजे. सियागंजात, कपडा बाजारात, छावणीच्या धान्य मंडीत एकच तक्रार ऐकू येते की विश्वासाचा, हिशेब जाणणारा माणूस मिळत नाही. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, विवरणपत्रे संगणकावर गेली, आणि अशा माणसाची गरज दुणावली. एका बाजूस दुकानाला माणूस नाही, दुसऱ्या बाजूस वाणिज्य पदवीधरास काम नाही. हे दोघे परस्परांस का भेटत नाहीत? कारण उघड आहे. पुष्कळ दुकानांत नेमणुकीचे पत्र दिले जात नाही, वेळेचे बंधन नसते, भविष्यनिर्वाह निधीचे नाव निघत नाही, आणि पगारवाढ शेठजींच्या मर्जीवर असते. शिवाय सोयरीक जुळविताना मुलगा काय करतो असे विचारून, सरकारी नोकरीचे नाव ऐकताच ज्यांचे मुख प्रफुल्लित होते, ती मंडळीही आपलीच असतात. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी हा जुना क्रम आपण स्वतःच्या हातांनी उलटा केला आणि मुलांनी तो तसाच वाचला, इतकेच.

पक्की नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती, ही समजूतही या शहराने तपासून पाहिली आहे. सर सेठ हुकुमचंद यांच्या नावाची गिरणी हे एकेकाळी इंदूरचे वैभव होते. तेथे नाव लागले की घरादाराची काळजी मिटली, असे मानले जाई. 1990 नंतरच्या दशकारंभी ती गिरणी बंद पडली. हजारो कामगारांच्या देण्याचा प्रश्न सुमारे तीन दशके न्यायालयांत फिरला, आणि 25 डिसेंबर 2023 रोजी 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. तो दिवस पाहण्यास अनेक कामगार हयात नव्हते. सबब, निश्चिंती एखाद्या जागेत शोधण्यापेक्षा आपल्या अंगच्या कसबात शोधावी, हे अधिक शहाणपणाचे होय.

या संदर्भात शेजारच्या खानदेशातील एक उदाहरण देण्याजोगे आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे 1937 साली जन्मलेले भवरलाल जैन हे मुंबईत वाणिज्य व कायदा या दोन्ही विषयांचे पदवीधर झाले. राज्याच्या नागरी सेवेसाठी त्यांची निवडही झाली होती. ती वाट सोडून त्यांनी 1963 मध्ये कुटुंबाच्या साठलेल्या 7000 रुपयांवर रॉकेलविक्रीचा धंदा मांडला. पुढे शेतीस लागणारी अवजारे व खते, 1978 नंतर पपईपासून पपेन, त्यानंतर नळ आणि ठिबक सिंचन असा त्यांचा व्याप वाढत गेला. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 मध्ये ते निवर्तले. या चरित्रावरून प्रत्येकाने सरकारी पद नाकारावे, असा अर्थ कोणी काढू नये. चांगल्या अधिकाऱ्यांची देशास गरज आहे. घेण्याजोगा बोध असा, की निर्णय त्यांनी वेळेवर घेतला, आरंभ लहान केला, आणि पदवीधराने रॉकेल विकण्यात कमीपणा मानला नाही.

मग घरी काय करावे? आमच्या मते प्रथम मुदत ठरवावी. मुलाने व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून दोन किंवा तीन वर्षे निश्चित करावीत आणि तारखेसह लिहून ठेवावीत. त्या मुदतीत त्याला टोमणे मारू नयेत. मुदत संपल्यावर त्यानेही हट्ट धरू नये. दुसरे असे, की अभ्यासाबरोबर एक कमावते कौशल्य हाताशी असावे. कराची विवरणपत्रे भरणे, हिशेबाची संगणकप्रणाली, आयात-निर्यातीची कागदपत्रे, यांपैकी काहीही चालेल. सनदी लेखापालाचा मार्ग ज्यास झेपेल त्याने तोही पाहावा; 2023 च्या नव्या योजनेनुसार त्यातील उमेदवारी तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. तिसरे, खोलीभाडे, शिकवणी व अर्जांचे शुल्क यांचा खर्च मांडून ठेवावा, म्हणजे ओझे कोणावर किती हे सर्वांस कळेल. आणि दरवर्षी एकदा, वह्या बदलण्याच्या सुमारास, या खात्याचाही ताळेबंद पाहावा.

हे सारे कन्यांनाही तितकेच लागू आहे. मुलाला पाच वर्षे द्यावयाची आणि मुलीला लग्न ठरेपर्यंत, हा दुजाभाव आता सोडला पाहिजे. अनेक घरांत वहीखाते मुलींच्या हाती अधिक नीटनेटके राहते, हे अनुभवाने सिद्ध आहे.

सभासदांकडूनही काही अपेक्षा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 साली सुधारणा होऊन तांत्रिक शाखेबाहेरील पदवीधरांसही त्याचा लाभ खुला झाला. राज्य शासनाने 2023 मध्ये सीखो-कमाओ योजना आणली, तेव्हा पदवीधरासाठी दरमहा 10000 रुपये विद्यावेतन ठरले आणि त्यातील 75 टक्के वाटा शासनाने उचलण्याचे योजिले. अशा सोयींचा उपयोग केवळ मोठ्या कारखान्यांनीच का करावा? प्रत्येक पेढीने वर्षाला एक पदवीधर घ्यावा. त्यास लेखी नेमणूक, ठरलेले वेतन आणि कामाचे प्रमाणपत्र द्यावे. तो पुढे परीक्षा उत्तीर्ण होऊन गेला तरी आपला तोटा नाही. व्यापाऱ्याची अडचण जाणणारा एक अधिकारी निर्माण झाला, असे समजावे. न गेला, तर आपणांस हवा होता तो माणूस मिळाला.

परीक्षेत न निवडलेला मुलगा दुकानात येतो, तेव्हा त्याला पराभूत म्हणून बसवू नये. त्याने तीन वर्षांत राज्यघटना, अर्थव्यवस्था व इतिहास वाचलेला असतो. नियमांचे कागद वाचण्याची त्याला सवय झालेली असते. ते भांडवल त्याच्यापाशी शिल्लक आहे. येत्या दिवाळीस जुन्या वह्या तपासताना प्रत्येक कुटुंबाने हे एक पान अधिक उघडावे, मुलांस जवळ बसवावे, आणि पुढील वर्षाची तारीख त्यावर लिहून मगच वही बांधावी, एवढीच आमची विनंती आहे.