लॅपटॉपात पाणी गेलं तर

प्रकाशा गाव तापी आणि गोमाईच्या संगमावर वसलं आहे. पुराचं पाणी घरात शिरलं, तर सोबत गाळ आणि विरघळलेले क्षार आणतं. लॅपटॉपला पाण्यापेक्षा या क्षारांचाच जास्त धोका. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि बॅटरी जोडलेली असेल तर लॅपटॉप ‘बंद’ असतानाही मदरबोर्डच्या काही भागांत वीज असतेच. तिथल्या तांब्याच्या रेषा मग झिजत जातात. त्यावर हिरवट थर दिसतो.

म्हणून आधी भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा, मग पॉवरचं बटण दाबून धरा. बॅटरी निघण्यासारखी असेल तर लगेच काढा. हल्ली ती बहुधा आत स्क्रूंखाली असते. तेव्हा शहाद्याचा किंवा नंदुरबारचा कारागीर गाठावा. तोवर लॅपटॉप उलटा, तंबूसारखा ठेवा. ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणं सगळ्यात महागात पडतं.

तांदळाच्या डब्याचा उपाय मला निव्वळ भाबडा वाटतो. तांदूळ क्षार ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये अडकते. कारागीर बोर्ड धुतो, तो क्षार आणि गाळ निघावा म्हणूनच.

बॅटरी मात्र धुवायची नाही, उन्हातही वाळवायची नाही. पुरात बुडालेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. आतल्या आत शॉर्ट होऊन ती पेटू शकते. फुगली, तापली किंवा गोडसर वास आला, तर घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवावी. ती कचऱ्यात टाकायची नसते. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.