कंपनीचा वॉचमन, कायद्याच्या उंबऱ्यावर

गिरणी असो, कारखाना असो की सराफाची पेढी, दारावरचा माणूस निवडायची रीत वर्षानुवर्षे एकच होती. ओळखीतला, अंगापिंडाने मजबूत, फौजेतून निवृत्त झालेला मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्याला काय येते, हे विचारायची पद्धत नव्हती.

1981 मध्ये महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी कायदा केला. एजन्सीकडून होणाऱ्या पिळवणुकीवरचा तो इलाज. मंडळे आली, नोंदणी आली, पगाराला शिस्त आली. पण रक्षक कोणाला म्हणायचे हे सांगताना मालकाच्या थेट आणि नियमित नोकरीतला माणूस कायद्याने वगळला. पगारापुरते ते पटण्यासारखे होते, कारण कायम कामगाराला इतर कामगार कायद्यांचे छत्र होतेच. प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

तो प्रश्न किती महाग पडू शकतो, हे 13 जून 1997 रोजी दिल्लीत दिसले. ‘उपहार’ चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून आग लागली, धूर बाल्कनीत शिरला आणि 59 माणसे गेली. पुढे शिक्षा झालेल्यांत मालक आणि व्यवस्थापक होते, तसा एक गेटकीपरही होता. बाल्कनीचे दार न उघडताच तो निघून गेला, असा ठपका त्याच्यावर होता. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस तोच. आग लागल्यावर आधी दार उघडायचे, हे त्याच्याकडून कोणी कधी घोटून घेतले होते का? भरपाईच्या दाव्यात मात्र हिशेब मालकापर्यंत पोहोचला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 85 टक्के भार चित्रपटगृहाच्या चालकांवर आणि 15 टक्के वीज मंडळावर टाकला, शिवाय चालकांना 25 लाखांची दंडात्मक भरपाई भरायला लावली.

2005 मध्ये केंद्राचा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा आला आणि पहिल्यांदा तासांचा आकडा पुढे आला. पुढच्या वर्षीच्या आदर्श नियमांत 100 तास वर्गात, 60 तास प्रत्यक्ष मैदानावर, आणि हे सगळे किमान 20 कामाच्या दिवसांत. माजी सैनिक व पोलिसांना कमी. अभ्यासक्रम वाचला तर कौतुक वाटते: आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, फिर्याद कशी नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर. पण हा कायदाही दुसऱ्यांना रक्षक पुरवण्याचा धंदा करणाऱ्या एजन्सीचा. स्वतःच्या मस्टरवर वॉचमन ठेवणारी कंपनी पुन्हा बाहेरच. दोन कायदे, दोन्हींच्या हेतूंत खोट नाही, आणि दोन्हींच्या फटीतून तोच माणूस निसटला.

जबाबदारी मात्र निसटली नाही, उलट इथेच ती घट्ट चिकटते. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, हे जुने तत्त्व. एजन्सीचा रक्षक असेल तर निदान ‘तो आमचा माणूस नाही’ असा वाद घालता येतो, टिकेल न टिकेल हा भाग वेगळा. पगारपत्रकावरच्या वॉचमनने संशयावरून गिऱ्हाइकाच्या कानाखाली वाजवली, तर तेवढीही सोय नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत हॉटेल, मॉल, कार्यालय, प्रत्येक दारावर मेटल डिटेक्टर उभे राहिले. बॅग उघडून आत टॉर्च मारणारे हात वाढले. काय शोधायचे आणि सापडले तर काय करायचे, हे त्या हातांना माहीत होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि गुंता वाढला. खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार आधीही होता. डोळ्यांदेखत घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा हवा. आता अशा माणसाला पोलिसांच्या हवाली करायला सहा तासांची मर्यादाही आली. त्याच वेळी पाच हजारांखालच्या, पहिल्यांदाच केलेल्या साध्या चोरीत माल परत मिळाला तर शिक्षा समाजसेवेची, आणि गुन्हा अदखलपात्र. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हटली तर कलम वेगळे आणि कडक. म्हणजे दुकानातून शाम्पूची बाटली खिशात घालणाऱ्याला धरावे की नाही, हा निर्णय दारावरच्या माणसाने काही सेकंदांत घ्यायचा. चुकला तर बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार त्याच्यावर, आणि भरपाईची नोटीस कंपनीच्या पत्त्यावर.

आपल्या वॉचमनला एजन्सीच्या रक्षकांइतकेच 160 तास शिकवायला कंपनीला कोणताच कायदा आडवा येत नाही. अडते ते पाळीवर. वीस दिवस तो वर्गात बसला, तर गेटवर कोण?