धनदेवाला दृष्टी आली तर?

आपली लक्ष्मी चंचल, तर ग्रीकांचा धनदेव प्लूटस आंधळा. लहानपणी तो म्हणाला होता, मी फक्त सज्जनांकडेच जाईन. ते झ्यूसला खपलं नाही, त्याने याचे डोळेच काढून घेतले. तेव्हापासून हा चाचपडत कोणाच्याही घरात शिरतो. ॲरिस्टोफेनीसचं ‘प्लूटस’ हे विनोदी नाटक इ.स.पू. ३८८ मधलं. स्पार्टाशी युद्ध हरून अथेन्सला १६ वर्षं झाली होती.

क्रेमिलस हा सरळमार्गी, गरीब शेतकरी. आपलं आयुष्य तर असंच गेलं, आता एकुलत्या एक मुलाला लबाड बनवावं का, हे विचारायला तो डेल्फीला अपोलोकडे जातो. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. शाळाप्रवेशाच्या गप्पांत हाच प्रश्न आम्ही पालक जरा सभ्य शब्दांत विचारत असतो. देव सांगतो, बाहेर पडल्यावर जो पहिला भेटेल त्याला सोडू नकोस. भेटतो तो प्लूटस. त्याला घरात नेताना क्रेमिलस सांगून टाकतो, की तुझ्याखालोखाल माझं प्रेम माझ्या मुलावर आहे!

त्याआधी त्याचं आणि त्याच्या गुलामाचं एकमत होतं, की भाकरीने, मिठाईने, मानसन्मानाने माणूस कधीतरी तृप्त होतो, पैशाने नाही. १३ टॅलंट मिळाले की १६ हवेत, मग ४०. मी सवयीने हिशोब केला. एक टॅलंट म्हणजे ६००० द्राख्मा आणि कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा. म्हणजे १३ टॅलंट ही दोनशेहून जास्त वर्षांची कमाई, तरी आणखी तीन हवेतच. अप्रेझलच्या महिन्यात आमच्या ऑफिसात दुसरं काय चालतं?

डोळ्यांवर उपचार करायला निघताना पेनिया, म्हणजे साक्षात गरिबी, वाट अडवते. सगळेच श्रीमंत झाले तर लोहारकाम, शिवणकाम, नांगरणी कोण करणार? क्रेमिलस उपासमारीचं, पिसवांचं वर्णन करतो. ती म्हणते, हे भिकाऱ्याचं झालं. गरीब माणूस कष्ट करून काटकसरीने राहतो, त्याचं शिल्लक पडत नाही पण अडतही नाही. त्याला उत्तर सुचत नाही, तो तिला हाकलून देतो. तिचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण एका आजारपणात गरिबाचा भिकारी होतो, हे ती सोयीस्करपणे गाळते.

दृष्टी येते. सज्जन श्रीमंत होतात, खोटे खटले भरणारा कंगाल होतो. पण स्वभाव कुठे बदलतो? म्हाताऱ्या बाईच्या पैशांवर जगणारा तरुण प्रियकर पैसे येताच तिला सोडतो. नैवेद्य बंद झाल्याने उपाशी हर्मीस क्रेमिलसच्या दारात काम मागतो, पाठोपाठ झ्यूसचा पुजारीही येतो.

ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं, तो मुलगा मात्र रंगमंचावर एकदाही येत नाही.