हळद, यकृतपेशी आणि मेदोरोगाची चिकित्सा

वाशिम जिल्ह्यात, विशेषतः रिसोड परिसरात, हळदीचे पीक घेतले जाते. त्यामुळे लिपिड प्रोफाइलचा अहवाल घेऊन आमच्याकडे येणारे रुग्ण अनेकदा विचारतात, "डॉक्टरसाहेब, घरची हळद घेतली तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल का?" या प्रश्नाचे उत्तर वैद्याने विचारपूर्वक द्यावयास हवे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात लेखनीय महाकषायात हरिद्रा व दारुहरिद्रा या दोहोंचा समावेश केला आहे. साचलेला मेद खरवडून काढणारे ते लेखनीय. आधुनिक संशोधनात याला काही आधार सापडतो काय, हे पाहणे उद्बोधक आहे.

रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांद्वारे आत ओढून घेतात. या ग्राहकाच्या शोधासह कोलेस्टेरॉलविषयक संशोधनाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राहक वाढले की रक्तातील एलडीएल घटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानवी यकृताच्या अर्बुदापासून वाढविलेल्या हेप-जी-२ पेशींना करक्युमिन दिले असता या ग्राहकाच्या संदेशक आरएनएचे प्रमाण सात पटींपर्यंत वाढले. दारुहरिद्रेतील बर्बेरिनवर चिनी संशोधकांनी २००४ साली केलेले काम यापुढे गेले. पेशींत हा आरएनए अधिक काळ टिकतो असे आढळलेच. शिवाय बर्बेरिन घेणाऱ्या ३२ रुग्णांचे एलडीएल तीन महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

हळदीबाबत मात्र घाई नको. प्रयोगशाळेत पेशीला करक्युमिन थेट मिळते. रुग्णाच्या यकृतापर्यंत ते फारच थोडे पोहोचते. हळदीत करक्युमिन साधारणतः २ ते ५ टक्केच असते. बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ साली २ ग्रॅम करक्युमिन नुसते दिले, तेव्हा रक्तात ते नगण्य आढळले. २० मिलिग्रॅम पिपेरिनसह दिल्यावर त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढली. मानवी चाचण्यांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. शिवाय हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृतशोथ झाल्याची उदाहरणे इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. अशा काही गोळ्यांत पिपेरिनही होते.

म्हणून आमचे मत असे की, आहारातील हळद खुशाल चालू ठेवावी. परंतु हृद्रोगी रुग्णाची स्टॅटिनची गोळी केवळ हळदीच्या भरवशावर कदापि बंद करू नये. औषधी मात्रेत हरिद्रा किंवा दारुहरिद्रा योजावयाची असल्यास रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची चौकशी करावी, आरंभी व तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल तसेच यकृताची तपासणी करून घ्यावी आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत. लेखनीय द्रव्यांवरील आपला विश्वास अशा नोंदींनीच इतरांना पटवून देता येईल, आणि रुग्णही सुरक्षित राहील.